दोन वाजताचा रिलीव्हर

वही आणायले गेलो होतो मी, सुपेला बाजारातल्या दुकानात. शंभर पानी, आखीव. दुकानदार म्हणते, "नातवासाठी का काका?" म्हटलं, "नातू अजून पोटात आहे बाप्पा, वही माह्यासाठी आहे." तो हसला. मले राग आला, पण करता काय? बावन्न वर्षाचा माणूस एप्रिलच्या उन्हात वही-पेन विकत घेऊन राहिला म्हटल्यावर लोक हसणारच.

तुमी विचारलं, "तेजरामभाऊ, दोन वाजले की तुमी दार लावून काय करता?" म्हणून सांगून राहिलो. नाहीतर मी कोणाले सांगत नसतो. अन् मधात बोलू नका. मधात बोललेलं मले चालत नाही.

मी कुम्हारीकडच्या एका रोलिंग मिलमध्ये गॅस ऑपरेटर होतो. आपल्या भिलाईत मिल म्हटलं की लोक आधी विचारतात, "प्लांटमध्ये का?" नाही बाप्पा, सरकारी स्टील प्लांटची नोकरी माह्या नशिबात नव्हती. खाजगी मिल, पत्र्याचं शेड. कोळशापासून गॅस बनवायचा अन् त्याच्यावर भट्टी तापवायची, हे काम. मालकानं जुनं सगळं काढून नवीन बसवायले घेतलं, तीन महिने मिल बंद ठेवली. मॅनेजरनं आमाले उन्हात उभं करून सांगितलं की आता कंट्रोल रूम होईल, सगळं कॉम्प्युटरवर चालेल. परीक्षा होईल. ज्याले पायथन येईल तो आत एसीत बसेल, बाकीच्यायनं आपापलं पाहावं. म्हणे, "नेटवर सगळं फुकट आहे, शिका." पायथन म्हणजे अजगर, एवढंच मले मालूम होतं. अजगर शिकून भट्टी कशी चालते, ते त्यालेच ठाऊक.

भूमिका, माही पोरगी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा सरून नववा लागला होता. ती कॉम्प्युटर शिकलेली. तिनंच आपला जुना लॅपटॉप टेबलावर मांडला अन् नेटवर एक मालिका शोधून दिली. पायथनचे चाळीस धडे, फुकट, अन् तेही मराठीत.

"बाबा, इतना भी कठीण नाही आहे," ती म्हणे. "रोज एक धडा पाहा, वहीत लिहा, मग स्वतः करून पाहा. बस."

शिकवणारा कोणी पुण्याकडचा होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं अन् आवाज. "नमस्कार मित्रांनो," असं गोड गोड. पहिल्या दिवशी तर मी वैतागलो. तो म्हणते प्रिंट करा, अन् कागद तर कुठून निघत नाही! भूमिका पोट धरून हसली. "बाबा, हसवू नका न मले. आतमधी हा लाथा मारून राहिला."

खरं सांगतो, ते आठ दिवस चांगले गेले. जेवण झालं की कूलर लावायचा. वाळ्याचा ओला वास खोलीत भरून राहायचा. बाहेर रस्ता सामसूम, कुत्रं पण गाडीखाली शिरून पडलेलं. पाचव्या धड्यात मले व्हेरिएबल समजला. नाव चिकटवलेला डबा, आत काय पाहिजे ते ठेवा. सहाव्यात इनपुट. म्हणजे कॉम्प्युटर विचारते, आपण टाइप करून उत्तर द्यायचं, एंटर मारायचं. सातव्यात जर-तर. आठवा होता व्हाइल लूपचा.

पण आठव्याच्या आधी केवलरामचं सांगावं लागते.

गॅस केबिनचा एक नियम असते. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय केबिन सोडायची नाही. त्या येणाऱ्या माणसाले रिलीव्हर म्हणतात. तो आला की लॉगबुकात दोन ओळी पडतात. यानं चार्ज दिला, त्यानं चार्ज घेतला. वेळ, सही. मग पहिला मोकळा. केवलराम सकाळच्या शिफ्टले, मी दुपारच्या, दोनच्या. नऊ वर्षं मी त्याचा रिलीव्हर होतो. अन् नऊ वर्षात मी बरोबर दोनले पोचलो असंन दहा-बारा वेळा. कधी सव्वादोन, कधी अडीच, कधी पावणेतीन. तो कधी चिडला नाही. फोन केला की म्हणे, "आराम से आ, मी आहो न."

वरून मले उशिराचा मेमो लागू नये म्हणून माही एंटरी तोच करून ठेवे. दोन वाजले की लिहून टाके, "चार्ज दिला, केवलराम." त्याच्याच खाली, "चार्ज घेतला, तेजराम." सही पण माही, हुबेहूब. असा भोळा माणूस. आमच्यात सगळेच एकमेकांसाठी असं करत. कागद बरोबर असला की साहेब खूश, साहेब खूश की आपण खूश.

या धड्यायच्या आदल्या वर्षी, चौदा मेले, मी सुपेल्याच्या चौकात उसाचा रस पीत उभा होतो. पहिला गिलास संपला. गर्मी गजब होती, म्हटलं अजून एक मार. मिलमध्ये पोचलो तेव्हा दोन चाळीस झाले होते.

केबिनचं दार लावलेलं होतं. तो खुर्चीवर बसलेला, डोकं लॉगबुकावर. गाल गुलाबी, जत्रेतून आलेल्या पोट्ट्यासारखे. त्या गॅसमधला जो मारणारा भाग असते न, त्याले वास नाही, रंग नाही. माणूस मरते अन् चेहरा टवटवीत राहते. कुठलीतरी सील सुटली होती. मी त्याचं डोकं उचललं तर खाली पान उघडं. दोन वाजता चार्ज दिला, केवलराम. दोन वाजता चार्ज घेतला, तेजराम. शाई त्याच्या गालाले लागली होती.

आता तुमीच पाहा. कागदावर तो दोन वाजता मोकळा झालेला. मग दोन चाळीसले आत काय करून राहिला होता? चौकशीवाल्यायनं हेच विचारलं. मी म्हटलं, "मी राउंडवर होतो साहेब. तो म्हणे, जरा पडतो, मग जातो." झालं. अहवालात लिहिलं की ड्युटी संपल्यावर विनापरवाना आत झोपला. चूक त्याची. घरच्यायच्या हाती काही पडलं नाही.

त्याची बायको मनकर्णा तेरवीनंतर माह्या घरी आली. आत नाही आली, दारातच उभी राहिली. रडली पण नाही.

"भाऊजी, मले काही नाही पाहिजे. एकच सांगा. तुमी किती वाजता आले होते?"

मी म्हटलं, "दोन वाजता."

ती माह्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पदर सावरला अन् गेली. मले नोकरी होती, पोरीचं लग्न ठरलेलं होतं, मी काय करणार होतो? वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या रात्री मी दोन भाकरी जास्तच खाल्ल्या. खोटं कायले सांगू?

तर आठवा धडा.

तेरा एप्रिल, रविवार. माही बायको वच्छला पॉवरहाउसच्या बाजारात गेली होती, बाळाच्या लंगोटासाठी मऊ कापड घ्यायले. भूमिका मागच्या खोलीत झोपली होती. दोनले दोन मिनिटं कमी होते. मी आवाज बारीक ठेवला, वही उघडली, तारीख टाकली.

"नमस्कार मित्रांनो. आज आपण व्हाइल लूप शिकणार आहोत. जोपर्यंत एखादी अट खरी आहे, तोपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करायचं. समजा, आपल्याला दहा कप चहा करायचा आहे..."

कूलर बंद पडला. लाईन गेली म्हटलं, तर डोक्यावरचा पंखा फिरून राहिला होता. वाळ्याचा वास गेला. त्याच्या जागी ओल्या कोळशाचा वास आला, पाणी मारलेल्या राखेचा. हा वास माह्या घरात यायचं काही काम नव्हतं.

"चहा राहू दे," आवाज म्हणे. "दुसरं उदाहरण घेऊ. एक माणूस आहे. त्याची ड्युटी संपली. त्याचा रिलीव्हर आला नाही."

पुण्याच्या माणसाले रिलीव्हर कसा ठाऊक? मी कान देऊन ऐकलं. गोडवा तोच होता, पण खाली कफाची घरघर होती. अशी घरघर कोळशात वीस वर्षं काढलेल्यालेच असते.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

जोपर्यंत रिलीव्हर == "नाही":
ड्युटी = ड्युटी + १

"लिहून घे," तो म्हणे. पुण्याचा माणूस नेहमी "लिहून घ्या" म्हणायचा. मी लिहून घेतलं. "आता चालवून पाहा." अन् मूर्खासारखं मी चालवून पाहिलं. आठ दिवसाची सवय, दुसरं काय.

ड्युटी मी शून्यापासून लिहिली होती. पडद्यावर आलं, ८०१६ तास. रिलीव्हर: नाही. खाली पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. आकडा हलत नव्हता, पण ओळी थांबत नव्हत्या. मी वहीत चोवीसनं भागलं. तीनशे चौतीस, बाकी शून्य. चौदा मेपासून बोटावर दिवस मोजले. तीनशे चौतीस. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन.

भूमिकानं सांगितलं होतं, बाबा, लूप अडकला की कंट्रोल अन् सी दाबा. दाबलं. दहादा दाबलं. मग झाकणच पाडलं. झाकणाच्या आतून आवाज आला.

"घाई कायची... धडा बाकी आहे अजून."

मी झाकण उघडलं. बंद ठेवून ऐकणं जास्त वाईट होतं.

"आता व्हेरिएबल पाहू," तो म्हणे. शिकवायचाच सूर, सावकाश, एकेक शब्द सुटा. "गॅस आत आला की पहिल्यांदा काय होते? लिही. डोकं, मग बरोबरचं चिन्ह, मग दुखते."

मागच्या खोलीतून भूमिकाचा झोपेतला आवाज आला. "बाबा... डोकं दुखून राहिलं हो..."

"उन्हानं असंन! झोप!" मी ओरडलो. माहा आवाज मलेच ओळखू आला नाही.

"मळमळ बरोबर हो."

ती ओकली. फरशीवर पडल्याचा आवाज आला.

"गुडघे बरोबर शून्य. हे नीट समजून घ्या मित्रांनो. माणसाले दार दिसते. तीन पावलावर आहे. उठावं वाटते, पण गुडघे शून्य. मग तो बसल्या बसल्या दाराकडे पाहते. म्हणते, आता येईल. आता येईल. घड्याळ पाहते. अन् पुन्हा म्हणते, आता येईल. हा आपला लूप."

मी मागच्या खोलीत धावलो. भूमिका पलंगाच्या खाली बसलेली, एक हात पलंगावर, दुसरा पोटावर. उठायले पाहून राहिली अन् पाय लुळे. गाल गुलाबी. असे गाल मी आधी एकदा पाहिले होते.

"बाबा, पाय उचलून नाही राहिला..."

खिडक्या सताड उघड्या होत्या. मी पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं, स्वयंपाकघरात जाऊन सिलेंडर पाहिला. बंद. घरात गॅस नव्हताच. बाहेरून गरम हवा भणभण आत येऊन राहिली होती अन् माही पोरगी त्या हवेत गुदमरून राहिली होती. तिले उचलायले गेलो तर ती हातातून निसटून खाली बसली. रस्त्यावर हाका मारल्या. भर दुपार, सगळ्यायचे कूलर चालू, कोण ऐकते?

"बाबा," ती एकदम हळू म्हणे, "हा हालून नाही राहिला."

"कोण?"

"पोटातला..."

मी लॅपटॉपकडे परत आलो. ओळी थांबल्या होत्या. काळ्या पडद्यावर एवढंच होतं. रिलीव्हरचं नाव: अन् पुढं लुकलुकणारी रेघ.

"केवल," मी म्हटलं. अकरा महिन्यात पहिल्यांदा त्याचं नाव माह्या तोंडातून निघालं. "केवल, पोरीनं तुह्यं काय बिघडवलं?"

"मनकर्णानं तुह्यं काय बिघडवलं होतं?"

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"नाव टाक," तो म्हणे. "जो येईल त्याचं. तो आला की मी उठतो."

लोक म्हणतात केवलराम देवमाणूस होता. होता न. मेल्यावर पण माणूस देवमाणूस राहते, असं कोणी लिहून दिलं आहे का?

नाव कोणाचं टाकायचं, हे काय मले समजत नव्हतं? चांगलं समजत होतं. नऊ वर्षं रिलीव्हर मीच होतो. मी बोट पुढं केलं. मग ती खुर्ची आठवली. ते बंद दार. तिथं बसायचं, गुडघे शून्य, दाराकडे पाहत, किती दिवस? किती वर्षं? मले नाही जमलं. मागच्या खोलीत पोटची पोर मरून राहिली होती भाऊ, अन् मले नाही जमलं. थुंका माह्यावर, मी पुसून घेईन.

मग म्हटलं मॅनेजरचं टाकू. पण त्याचं पूर्ण नाव मले येत नव्हतं, सगळे त्याले साहेबच म्हणत. शेजाऱ्याचं आलं मनात. वच्छलाचं पण आलं, लपवून काय करू, नऊ वाजून गेले तरी ज्या बाईनं माह्याआधी कधी ताट वाढून घेतलं नाही तिचं पण आलं. अन् मग डोकं चाललं. चार्ज कागदावर तर घ्यायचा असते! एंटरी पडली की झालं, माणूस आला का नाही कोण पाहते? मी स्वतः नऊ वर्षं कागदावरच दोन वाजता येत होतो. मग असं नाव टाकू, जे जगात कोणाचंच नाही. नुसता कागदावरचा माणूस. केवलही मोकळा, मीही मोकळा.

डोळे मिटून अक्षरं जोडली. ने. वां. श. नेवांश. असं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. ना आमच्यात, ना छत्तीसगढी लोकायमध्ये, ना मिलमध्ये. टाइप केलं. एंटर मारला.

पडद्यावर आलं, नोंद झाली.

कूलर घर्रकन सुरू झाला. वाळ्याचा वास आला. अन् पुण्याचा माणूस गोड आवाजात म्हणे, "तर मित्रांनो, अशा रीतीने झाले आपले दहा कप चहा!"

भूमिका भिंतीले टेकून पाणी पिऊन राहिली होती. चेहरा पांढरा, पण पाय चालून राहिले होते. "लाथ मारली बाबा त्यानं," ती म्हणे अन् हसली. मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. तिले वाटलं, बाप किती जीव लावते! त्याच संध्याकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या अन् दवाखान्यात मुलगा झाला. काही दिवस लवकर झाला, पण ठणठणीत. नर्स म्हणे, आवाज पाहा, पूर्ण वॉर्ड उठवते. मी पेढे वाटले. मी मनात म्हटलं, तेजराम, तू हुशार माणूस आहे. मेलेल्याले पण गंडवलं.

बाराव्या दिवशी बारसं. आपल्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. भूमिकाची नणंद दुर्गहून आली, दंडावर पदर, हातात सोन्याचं पाणी दिलेलं खुळखुळं. नाव तिनं कोणाले सांगितलं नव्हतं, सख्ख्या भावाले पण नाही. बायकायनं पाळणा म्हटला. मी दाराशी उभा राहून घुगऱ्या खाऊन राहिलो होतो. ती वाकली, पोराच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. बायकायनं तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारले. "अवो, आता आमाले तर सांग!"

ती सरळ झाली. "नेवांश!"

वाटी माह्या हातातून पडली. घुगऱ्या घरभर झाल्या.

"नेटवर पाहून काढलं मी," ती म्हणे. "एकदम युनिक आहे. लिस्टमध्ये याचा अर्थच दिला नव्हता."

"हे नाव नको," मी म्हटलं.

भूमिका माह्याकडे पाहून म्हणे, "कावून बाबा?"

काय सांगू? सगळं सांगायचं म्हणजे उसाच्या रसापासून सांगावं लागते. म्हटलं, "नाही... बरं नाही वाटत कानाले." नणंदेचं तोंड उतरलं. वच्छलानं मले डोळे दाखवले. जावई हसत म्हणे, "मामाजी, कानात सांगून झालं, आता काय होते?" बरोबर होतं त्याचं. कानात सांगितलेलं परत घेता येत नाही. जेवणाची पंगत बसली.

मी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, लॅपटॉप उघडला. दोन वाजले होते. धडा लावलाच नव्हता, तरी पडदा काळा होता.

रिलीव्हर: नेवांश. वय कमी. बाकी दिवस: ६५६२.

मिलच्या गेटवर पाटी आहे, अठरा वर्षांखाली प्रवेश नाही. अठरा वर्षाचे दिवस काढा, लीप वर्षं धरून, अन् त्यातून बारा वजा करा. मी काढले. बाहेर बायका हसून राहिल्या होत्या अन् मी घुगऱ्या बांधायले आणलेल्या कागदावर गुणाकार करून राहिलो होतो.

खाली अजून एक ओळ आली. बदली करायची? नाव:

मिलमध्ये अशी बदली चालते. दोन माणसं राजी असले की एकाची ड्युटी दुसरा करते.

"तुह्यं चालते," केवल म्हणे. आवाज आता पुण्याचा राहिलाच नव्हता. "कधी पण टाक. मी तुले कधी नाही म्हटलं?"

परीक्षेले मी बसलो नाही, नोकरी गेली. लॅपटॉप शिवनाथ नदीत टाकून आलो, तर दुसऱ्या दिवशी दोन वाजता टीव्हीवर तोच पडदा. वच्छलाले तिथं मालिका दिसत होती. मग मी जुना लॅपटॉप विकत आणला अन् दोनच्या आधीच दार लावून बसायले लागलो. निदान घरच्यायसमोर तोंड लपवायची पाळी येत नाही. मनकर्णाकडे पण जाऊन आलो एकदा, खरं सांगून टाकू म्हणून. तिनं दार उघडलं. मी विचारलं, "वहिनी, बरं आहे न?" ती म्हणे, "आहे." मी परत आलो.

नातू सव्वा वर्षाचा झाला. दर रविवारी भूमिका त्याले घेऊन येते. भिंत धरून चालते, मले पाहिलं की दोन्ही हात वर करते. एवढा जीव मी भूमिकाले पण लावला नव्हता. रोज ठरवतो, आज. दोन वाजले की टाइप करतो, तेजराम. बोट एंटरवर ठेवतो. मग ती खुर्ची डोळ्यासमोर येते अन् मी म्हणतो, सहा हजार दिवस आहेत अजून, एवढी काय घाई? तोपर्यंत मी आपल्या मौतीनं मरून जाईन. मग नाव पुसतो. कोणी विचारत नाही, केवल पण बोलत नाही.

बाकी दिवसांचा आकडा रोज एकानं कमी व्हायचा. मागच्या सोमवारी नाव पुसलं अन् तो झटक्यात शंभरनं कमी झाला. मले वाटलं, माही नजर चुकली. मंगळवारी म्हटलं, आज मारतोच. देवाची शपथ घेतली. टाइप केलं, पुसलं. अजून शंभर. बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच.

काल रविवार होता. भूमिका आली, पोराले खाली ठेवलं अन् हसत हसत वच्छलाले म्हणे, "आई, याचे जोडे पाहा न. आठ दिवसात दोनदा बदलले, तिसरे पण लहान झाले. अन् हा बोलायले लागला, पूरे के पूरे वाक्य." पोरगा माह्याजवळ आला, भिंत न धरता. माह्या मांडीवर हात ठेवून माह्याकडे पाहत राहिला.

आज दोन वाजता पुन्हा टाइप केलं मी. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. बोट एंटरवर ठेवून अर्धा तास बसलो.

मग पुसलं.